दिग्दर्शक की हमाल?

पत्र :

ताई, नमस्कार. मी नागपूरची, वय २९. दिवसा खासगी बँकेत नोकरी, संध्याकाळी साडेसातनंतर नाटक. गेल्या हिवाळ्यात राज्य नाट्य स्पर्धेच्या प्राथमिक फेरीत आम्ही एक नवं दोन अंकी नाटक केलं. वाडा विकायचा की नाही, यावरून बहीण-भावात पेटलेला तंटा, असा विषय. बक्षीस मिळालं, अंतिमला मात्र गेलो नाही. मग एकाने सुचवलं म्हणून रेकॉर्डिंग पुण्यातल्या एका छोट्या नाट्यमहोत्सवाला पाठवलं आणि निवड झाली! प्रयोग जूनच्या शेवटच्या आठवड्यात आहे. आनंद दोन दिवस टिकला. मग त्यांची मेल आली. प्रयोग ६० ते ७० मिनिटांचा हवा. आमच्या आधी एक नाटक, नंतर एक, म्हणून सेट लावायला २० मिनिटं, काढायला १५. तांत्रिक तालमीला सकाळी दोन तास. राहण्याची सोय ८ जणांची, मानधन २५ हजार. आमचं नाटक दोन तासांचं. सेटमध्ये ओसरी, दार, कोनाडे, झोपाळा. माणसं बॅकस्टेज धरून १४. आजोबांचं काम करणारे काका सत्तरीचे आहेत, वीस वर्षं संस्थेत आहेत, आणि नाटक छोटं करायचं तर पहिली कात्री त्यांच्याच भूमिकेला लागते. टेम्पो, तिकिटं, परवानगीपत्रं, चहा, सगळं माझ्या गळ्यात. परवा सेटच्या खोट्या भिंती (फ्लॅट) उचलताना नवरा म्हणाला, 'तू दिग्दर्शक आहेस की हमाल?' मी हसले, पण रात्रभर तेच डोक्यात होतं. मी नक्की काय करते आहे? जावं की नाही?
– द., नागपूर

उत्तर :

प्रिय द.,

तुला 'तू'च म्हणते. नाटकवाल्यांत अहो-जाहो पहिल्या चहापर्यंतच टिकतं.

आधी शेवटच्या प्रश्नाचं उत्तर : जा. ते तुलाही माहीत होतंच, नाहीतर मेल आली त्याच संध्याकाळी नकार कळवून मोकळी झाली असतीस.

आता नवऱ्याचा प्रश्न. त्याने गमतीत विचारला असेल, पण लागायचा तिथे लागला. माझ्या मते तू दोन्ही आहेस आणि त्यात काही वावगं नाही. वावगं इतकंच, की तू करतेस त्यातलं दिग्दर्शन कुठलं आणि हमाली कुठली, हे तू अजून निवडून वेगळं केलेलं नाहीस. टेम्पोवाल्याशी घासाघीस ही हमाली. पण टेम्पो न्यायचा की नाही, नेला तर त्यात काय चढवायचं, हे दिग्दर्शन. आठ जागांवर कोण जाणार, तेही. वीस मिनिटांत सेट कोणी, कोणत्या क्रमाने लावायचा, तेही. बाहेरगावच्या महोत्सवाला निघालेल्या दिग्दर्शकाचं निम्मं काम असल्या ठरवण्यातच असतं, आणि ते दुसऱ्या कोणावर ढकलता येत नाही. चहा, तिकिटं, पावत्या, फोन मात्र आजच्या आज ढकल. तुमच्या चौदा जणांत एक तरी असा असेल, जो नट म्हणून बेताचा, पण लग्नात पंगतीला उभा राहिला की कोणी उपाशी उठत नाही. त्याला शोध. 'निर्मिती व्यवस्थापक' म्हणून त्याचं नाव छाप आणि मग त्याच्या कामात नाक खुपसू नकोस. तू खुपसशील, हे तुझ्या पत्रावरून दिसतंच आहे. म्हणून दोनदा सांगते. एक ना धड भाराभर चिंध्या झालेला दिग्दर्शक तालमीला येतो तेव्हा नट काय करताहेत ते त्याला दिसतच नाही, तो मोबाइलमध्ये तिकिटाचं वेटिंग बघत बसलेला असतो. मी बसले आहे तशी, म्हणून माहीत.

आता तुझ्या सेटकडे. तो एवढा मोठा का झाला, याचा विचार केलास का? स्पर्धेत नेपथ्याला वेगळं बक्षीस, प्रकाशयोजनेला वेगळं, रंगभूषेला वेगळं. परीक्षक पुढे कागद घेऊन बसलेले. मग आपण नकळत प्रत्येक रकान्यासाठी काहीतरी करून ठेवतो. कोनाडे कोरतो, धूर सोडतो, लेव्हलवर लेव्हल, म्हणजे चौथऱ्यावर चौथरा, चढवतो. दिग्दर्शन 'दिसलं' पाहिजे म्हणून नटांना उगाच चार पायऱ्या चढायला लावतो. तुला दोष देत नाही, आम्ही सगळे त्याच स्पर्धेच्या पाळण्यात वाढलो. तिने विदर्भातल्या गावोगावच्या हौशी मंडळींना दरवर्षी नाटक करायला लावलं, हे तिचं ऋण मोठंच आहे. पण महोत्सवात कोनाड्याला कोणी वेगळे गुण देत नाही. तिथे माणूस तिकीट काढून येतो, लागोपाठ तीन नाटकं बघतो आणि रात्री घरी जाताना त्यातलं एक त्याच्याबरोबर जातं.

आणि फ्रिंज म्हणजे याच्याही पलीकडचं प्रकरण. हल्ली आपली पोरं कुठल्याही छोट्या प्रयोगाला 'फ्रिंज' म्हणतात, म्हणून सांगते. १९४७ साली स्कॉटलंडमध्ये एडिंबरोला मोठा आंतरराष्ट्रीय महोत्सव सुरू झाला, तेव्हा आठ नाटकमंडळ्या आमंत्रण नसताना तिथे जाऊन थडकल्या आणि मिळेल त्या जागेत प्रयोग करून मोकळ्या झाल्या. त्या आगंतुकांच्या पंगतीतून आजचा फ्रिंज झाला. आता दर ऑगस्टमध्ये तिथे तीन हजारांहून जास्त कार्यक्रम होतात, आणि आजही तिथे निवड समिती नाही. जागा मिळव, खर्च कर, प्रयोग कर. कॅनडातल्या बऱ्याच फ्रिंजमध्ये तर कोणाला घ्यायचं हे सोडत काढून ठरवतात. एकाच खोलीत दिवसाला सहा-सात नाटकं होतात, म्हणून सेट लावायला दहा-पंधरा मिनिटं मिळतात, म्हणून नाटक तासाभराचं, म्हणून माणसं तीन-चार. तिथल्या नाटकांचा सुटसुटीतपणा आपल्याला शैली वाटतो. त्यामागे बऱ्याचदा नुसतं घड्याळ असतं. तुझा पुण्याचा महोत्सव निवड करणारा आहे, म्हणजे तो फ्रिंज नव्हे. पण घड्याळ त्याने तिथूनच उचललं आहे.

मात्र हे शिकायला एडिंबरोला जायची गरज नाही. वडशाला जा. गडचिरोली जिल्ह्यातलं देसाईगंज-वडसा आपल्यापासून काही तासांवर. दिवाळीनंतर धान घरात आलं की झाडीपट्टीच्या, म्हणजे पूर्व विदर्भातल्या या धानपट्ट्याच्या, नाटकमंडळ्या तिथून निघतात. आज या गावी, उद्या त्या गावी, रात्रभर नाटक. रंगवलेले पडदे, गाणं-वाजवणं, सगळं गाडीत भरून रोज उतरवायचं आणि रोज चढवायचं. शहरातले आपण त्यांच्या भडकपणावर नाकं मुरडतो, पण अनोळखी मंचावर तासाभरात उभं राहण्याची विद्या त्यांच्याकडे आहे, आपल्याकडे नाही. मुंबईतही १९७४ पासून 'आविष्कार' या नाट्यसंस्थेने दादरला छबिलदास शाळेच्या सभागृहात प्रायोगिक नाटकं केली, ती काही तिथे फिरता रंगमंच होता म्हणून नव्हे. जागा शाळेची, तर नाटकही शाळेच्या हॉलात मावेल असं बसवलं. आपण उलटं करतो. नागपूरच्या सायंटिफिक सभागृहाच्या स्टेजवर पाय पाठ झालेले असतात, आणि मग ते सायंटिफिकचं स्टेज टेम्पोत घालून पुण्याला न्यायला बघतो.

तुझ्या झोपाळ्याचं वाचून मला हसू आलं. (विदर्भात माणूस नाटक लिहायला बसला की वाडा, आजोबा आणि झोपाळा हे तिघं आधी येऊन बसतात.) माझाही एक झोपाळा होता. तीसेक वर्षांपूर्वीची गोष्ट. मुंबईत एका महोत्सवाला बोलावणं आलं. विदर्भ एक्सप्रेसच्या ब्रेकमध्ये, म्हणजे सामानाच्या डब्यात, सागवानी फळी आणि पितळी कड्या चढवल्या, सकाळी उतरवल्या, हॉलवर नेल्या. आणि मान वर करून पाहिलं तर मंचावर वजन पेलेल असा एक बार नाही. होते ते दिव्यांचे, आणि तिथला तंत्रज्ञ म्हणाला, 'बाई, यावर माणूस बसवलात तर मी निघालो.' त्याचं बरोबर होतं. दुपारी फळी दोन खोक्यांवर ठेवली, त्यावर नायिकेला बसवलं आणि 'तू झोके घेते आहेस असं कर' म्हणून सांगितलं.

हे पुढे फार सुंदर, प्रतीकात्मक वगैरे झालं असं मी सांगेन असं तुला वाटत असेल, तर नाही. पडलं. साफ पडलं. तो प्रवेश कड्यांच्या करकरीवर बसवलेला होता. ती गप्प व्हायची, कडी करकरायची, मग तो बोलायचा. करकर गेली, तसा गप्प राहण्याला काही अर्थच उरला नाही, आणि दोघं एकमेकांची वाक्यं ओलांडत सुटली. मागच्या रांगेत बसून ऐकताना मला कळलं, की झोपाळा आम्हाला हवा होता तो डोळ्यांसाठी नव्हे, कानांसाठी. ते नागपूरला कळलं असतं तर फळी घरी ठेवून नुसत्या कड्या नेल्या असत्या आणि विंगेत कोणाला तरी त्या हलवायला बसवलं असतं. पुढे एका वेल्डरकडून नटबोल्टवर उघडणारा लोखंडी सांगाडा करून घेतला; पण तोवर नाटकाचे सगळे मिळून दोन प्रयोग उरले होते. वरातीमागून घोडं.

म्हणून तुला एक काम देते. या आठवड्यात एक पूर्ण तालीम घे आणि तू फक्त सेटकडे बघ. कागदावर प्रत्येक वस्तू लिही आणि कोणी तिला हात लावला, तिच्यावर बसलं, तिच्यामागे लपलं, तिचा आवाज आला, की पुढे एक रेघ मार. कोनाड्यापुढे एकही रेघ येणार नाही, पैज लावते. दारापुढे कदाचित वीस येतील. बहीण घर सोडून जाते ती त्याच दारातून असेल तर दार न्यायचं. ते कसं न्यायचं हा वेगळा प्रश्न. कदाचित नुसती चौकट, कदाचित नुसता उंबरठा. ज्याच्यापुढे रेघ नाही ते नागपुरात राहील. उरलेलं तीन ट्रंकांत आणि एका लांब पिशवीत बसलं पाहिजे, गाडीच्या बाकाखाली सरकलं पाहिजे. टेम्पो रद्द. साध्या लेव्हल, खुर्च्या, बाज असलं काही लागलंच तर पुण्यात भाड्याने मिळतं. आयोजकांना विचार, कोणाकडून घ्यायचं ते ते सांगतील.

संहितेची कापाकापी. दोन तासांचा तास करताना दिग्दर्शक पहिल्यांदा काय करतो? प्रत्येक पानावरची चार-चार वाक्यं काढतो. हे करू नकोस. असं सगळीकडून किसलेलं नाटक धापा टाकतं; गोष्ट तेवढीच, पण कोणाला श्वास घ्यायला जागा नाही. त्यापेक्षा एक अख्खा धागा उपटून काढ. एखादा शेजारी, एखादा दलाल, एखादं उपकथानक. आणि सुरुवात बघ. स्पर्धेच्या नाटकांची पहिली पंधरा मिनिटं म्हणजे नमनाला घडाभर तेल. लोक अजून येताहेत, बसताहेत, हे धरून लिहिलेली. महोत्सवात दार बंद झालेलं असतं. भांडण पेटतं तिथून दोन पानं मागे जा आणि तिथे पडदा उघडून बघ.

हे लेखकाच्या पाठीमागे करायचं नाही. त्याला तालमीला बोलाव, काय काढलंस ते ऐकव आणि बदललेल्या संहितेला लेखी परवानगी घे. रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाचं (संहिता तपासून प्रयोगाला परवानगी देणारं सरकारी मंडळ) प्रमाणपत्र तुमच्याकडे स्पर्धेमुळे असणारच. ते ज्या संहितेला मिळालं तिच्यापासून तू किती लांब गेलीस, तेही तपास आणि गरज पडली तर पुन्हा सादर कर. आणखी एक, जे बरेच जण विसरतात : आयोजकांनी निवडलंय ते रेकॉर्डिंगमधलं नाटक, वाड्यासकट. बदल काय करते आहेस ते त्यांना आत्ताच अर्ध्या पानात लिहून कळव. त्यांनी ओसरी पाहिली आणि मंचावर उंबरठा आला, तर चेहरे पडतात. आधी कळलं असेल तर तेच लोक 'वा' म्हणतात.

काकांवर मी तीन दिवस विचार केला. बाकीचं पत्र एका बैठकीत लिहून झालं होतं.

पहिली गोष्ट, आकडा आणि नाटक यांची गल्लत करू नकोस. आठच जणांची सोय आहे म्हणून आजोबा कापायचे, हे कारण काकांना सांगता येणार नाही, कारण ते खरं नाही. तू, प्रकाश, ध्वनी आणि पाच नट, असे आठ होतात. त्या पाचांत ते बसू शकतात. नववा कोणी आला तरी सोय होते. पुण्यात प्रत्येक नागपूरकराचा एक तरी भाचा हिंजवडीत असतोच. तेव्हा खरा प्रश्न असा, की या ६५ मिनिटांच्या नाटकाला आजोबा हवेत का? त्याची परीक्षा सोपी आहे. एकदा त्यांच्याशिवाय वाचन कर. पण काका नसलेल्या दिवशी चोरून नव्हे. त्यांना आधी सांगून. बहीण-भावाचं भांडण त्यांच्याशिवाय जास्त उघडं पडत असेल, तर तुला तिथे बसल्या बसल्या कळेल. आणि ते नसल्यामुळे दोघं नुसती जागेच्या भावावर भांडणारी माणसं वाटू लागली, तर तेही कळेल. मला विचारशील तर माझा कौल आजोबा ठेवण्याकडे आहे. बोलतील दहाच वाक्यं, पण मंचावर असतील. घराचा सौदा चाललाय आणि म्हातारा तिथेच सुपारी कातरत बसला आहे, हे दोन पानांच्या संवादापेक्षा जड आहे. पण नाटक तू बसवलं आहेस, मी नाही.

काढायचेच ठरले तर त्यांच्या घरी जा. एकटी. व्हॉट्सॲपच्या ग्रुपवर नवी पात्रयोजना टाकून मोकळी होऊ नकोस. मला एका संस्थेने एका भूमिकेतून काढलं, ते मला तालमीच्या खोलीबाहेर चिकटवलेल्या यादीवरून कळलं. मी ती यादी दोनदा वाचली, चपला घातल्या आणि घरी आले. काढलं याचं दुःख केव्हाच गेलं, यादीचं अजून आहे. आणि त्यांना 'मार्गदर्शक' वगैरे म्हणून सोबत नेण्याचा प्रस्तावही देऊ नकोस. वीस वर्षं नाटक केलेल्या माणसाला तोंडावरचा मुलामा लगेच ओळखू येतो. त्यांचा आवाज रेकॉर्ड करून वापरण्याची कल्पना कोणीतरी हमखास काढेल. अनोळखी हॉल, अनोळखी स्पीकर, आणि त्यातून आजोबा बोलतात ते रेल्वेच्या घोषणेसारखे. नको.

तालमींबद्दल एक खास नागपुरी गोष्ट. तुम्ही मे महिन्यात तालमी करणार, म्हणजे खोलीत कूलर असणार. त्या घरघरीवर आवाज चढवून बोलायची नटांना इतकी सवय लागते, की शेजारी बसलेल्या बहिणीलाही भाऊ मैदानातून हाक मारल्यासारखा बोलतो. पुण्यातला तो हॉल छोटा असेल, तर पहिल्या रांगेतले लोक मागे सरकून बसतील. म्हणून शेवटच्या दहा मिनिटांत कूलर बंद करायचा, कोणी कितीही कुरकुरलं तरी, आणि तेच दोन प्रवेश पुन्हा घ्यायचे. घाम येईल. कोण खरंच बोलतंय आणि कोण नुसतं ऐकू जावं म्हणून ओरडतंय, ते त्या दहा मिनिटांत कळेल.

हॉलचा नकाशा मागव. मंचाची रुंदी, खोली, विंगा किती आणि केवढ्या, दिवे कुठले, त्यांचा उजेड कमी-जास्त करणारे डिमर किती. त्या मापाने तालमीच्या जागेत टेप लाव आणि पुढच्या सगळ्या तालमी त्या चौकटीतच घे. नट ज्या जागेवर थांबतो तिथे खूण. मंचावर त्याच खुणा रेडियमच्या तुकड्यांनी करायच्या, म्हणजे ब्लॅकआउटमध्ये कोणी खुर्चीवर आदळत नाही. सेट लावण्याचीही तालीम असते. प्रत्येकाच्या हातात ठरलेली वस्तू, ठरलेला क्रम, बाजूला घड्याळ लावलेलं. पहिल्यांदा अर्धा तास लागेल आणि भांडणं होतील. आठव्यांदा बारा मिनिटांत होईल. इथे तुझ्या नायिकेनेही ट्रंक उचलायची. हमाल की नट हा प्रश्न मग तिलाही पडेल, आणि तुझ्या नवऱ्याला सगळ्या संघालाच विचारावा लागेल.

सकाळचे दोन तास पुरत नाहीत असं सगळे म्हणतात. पुरत नाहीत, कारण लोक त्यात नाटक करून बघायला जातात. तिथे नाटक करायचंच नाही. पहिली चाळीस मिनिटं दिव्यांचे कोन. त्या वेळी नटांना विंगेत खुर्च्या देऊन गप्प बसव. पंधरा मिनिटं ध्वनी. मग पाऊण तास क्यूवरून क्यूवर, म्हणजे दिवा-आवाज बदलण्याच्या एका जागेवरून दुसऱ्या जागेवर, उडी. दिवा बदलतो त्याच्या आधीचं वाक्य, बदल, पुढचं वाक्य, बस, पुढे चला. शेवटची वीस मिनिटं सेट लावून दाखवायचा. तू शेवटच्या रांगेत. तुझे क्यू किती आहेत ते तू लिहिलं नाहीस, पण स्पर्धेचं नाटक म्हणजे चाळीसच्या खाली नसणार. बारावर आण. जे दिवे कुठल्याही हॉलात मिळतात त्यांत होईल असं बघ : एक उबदार उजेड, एक थंड, दोन स्पॉट. तुमच्या प्रकाशयोजनाकाराला राग येईल. त्याला सांग, की तिथला दिव्यांचा बोर्ड तुझ्या हातात असेल, पण तो तुझ्या ओळखीचा नसेल. ऑपरेटर मात्र आपला न्यायचा, नाटक पाठ असलेला. हॉलच्या माणसाच्या हाती क्यू-शीट देऊन निर्धास्त बसलेला दिग्दर्शक मी तरी पाहिलेला नाही.

तिकिटांचं तुझ्या व्यवस्थापकाला सांग : रेल्वेचं आरक्षण ६० दिवस आधी उघडतं, आणि पुण्याच्या गाड्या सुट्टीच्या दिवसांत बघता बघता भरतात. परतीचं तिकीटही त्याच दिवशी काढायचं. जूनअखेर पुण्यात पाऊस असणार, ट्रंकांवर ताडपत्री. २५ हजारांतून आधी प्रवास, मग लेखकाचं मानधन, मग भाड्याचं सामान, आणि उरलं तर सगळ्यांना सारखं. तुझ्या पर्समधून किती गेले ते एका वहीत लिही. परत मिळतील म्हणून नव्हे. पुढच्या वेळी बोलावणं आलं की मानधन किती मागायचं, ते त्या वहीवरून ठरेल.

बदलीचंही आत्ताच बघ. आपल्याकडे जूनपर्यंत दोन मुख्य नटांपैकी एकाला मुंबईत मालिकेचं काम लागतं किंवा कोणाची तरी परीक्षा निघते. दोन मुख्य भूमिका पाठ असलेलं तिसरं माणूस तालमीला बसलेलं असू दे. भावाचं काम एखाद्या मुलीने वाचलं तरी चालेल. आठवड्यातून एकदा वाचू दे, म्हणजे वाक्यं तरी कोणाच्या तरी तोंडात राहतील.

प्रयोगानंतर टाळ्या संपायच्या आत पुढचा संघ विंगेत येऊन उभा राहतो. तुझी पंधरा मिनिटं सुरू झालेली असतात आणि नेमकं तेव्हाच कोणीतरी भारावून तुझा हात धरतं. त्यांना हॉलबाहेर चहाला थांबायला सांग आणि आधी मंचावरच्या रेडियमच्या खुणा काढ. त्या राहिल्या तर पुढच्या नाटकातला नट तुझ्या बहिणीच्या जागेवर जाऊन उभा राहील.

आणि आयोजकांना फोन करशील तेव्हा सामान आत नेण्याचा दरवाजा किती रुंद आहे, ते विचार. इंचात.

– तुझी ताई